पावणेनऊ इंचांची पायरी

फूटपट्टी हे नाव तिला वडिलांनी ठेवलं, ती सातवीत होती तेव्हा. त्या एका वर्षात ती अशी काही वाढली की दर तीन महिन्यांनी तिच्या कपड्यांची दुमड उसवून खाली सोडावी लागे. वडील शिंपी, त्यामुळे काम घरातल्या घरात व्हायचं, पण दर वेळी तिला भिंतीशी उभी करून मोजताना ते म्हणायचे, आली आमची फूटपट्टी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं आणि हे गल्लीभर झालं. पुढं ती आर्किटेक्चरला गेली तेव्हा ओळखीपाळखीचे म्हणाले, चला, नावाचं सार्थक झालं. आता तिचे केस पिकलेत, हाताखाली चार मुलं आहेत, तरी जुनी माणसं तिला त्याच नावानं हाक मारतात आणि ती ओ देते.

शिक्षणाची पाच वर्षं कशी गेली ते तिच्या बोटांना विचारावं. पुठ्ठे कापून कापून त्यांना घट्टे पडले होते. शेवटच्या वर्षी तिनं कागदावर एक अख्खं संग्रहालय उभं केलं. त्याला वळत वळत वर जाणारा उतार होता, छतातून झिरपणारा उजेड होता, आणि परीक्षकांनी "भविष्य आहे" असा शेरा मारला होता. भविष्य होतंच. ते संडासात होतं.

पहिली नोकरी मोठ्या ऑफिसात लागली. काचेची इमारत, सव्वाशे माणसं, गळ्यात अडकवायचं ओळखपत्र. बावीस मजल्यांच्या एका संकुलाचं काम चाललं होतं आणि नव्या मुलीच्या वाट्याला त्यातले संडास आले. कुठला पाइप कुठून उतरेल, दार कुठल्या बाजूला उघडेल, टाइल कुठं सुरू होऊन कुठं तुटेल. सात महिन्यांत तिनं एकशे चौऱ्याऐंशी संडास काढले आणि एकही बांधलेला पाहिला नाही, कारण साइटवर जाणारी माणसं वेगळी होती आणि ती चौथ्या मजल्यावर बसत.

घरी आई रोज विचारायची, आज काय केलंस. आईचा स्वभाव बोलका. बोलका म्हणजे किती, तर दाराला कुलूप लावता लावता तिची तीन वाक्यं व्हायची आणि ते नीट लागलंय का बघायला परत यायची तेव्हा आणखी चार. अशा बाईला शेजारीपाजारी सांगायला काहीतरी हवं ना. मोठ्या इमारतीचं काम चाललंय तिचं, असं ती सांगायची. यात खोटं काहीच नव्हतं. पण म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं की गाडी हवापाण्यावर यायची.

मग एका शुक्रवारी ते संकुलच थांबलं. का थांबलं हे चौथ्या मजल्यावरच्यांनाही धड ठाऊक नव्हतं. दहाजणांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं, त्यांत फूटपट्टी होती. ओळखपत्र परत करताना तिला रडू आलं आणि रडू आलं याचा रागही आला. संडासांसाठी काय रडायचं, असं ती घरी म्हणाली. वडील मशीनवरची मान न उचलता म्हणाले की उमेदवारीची पहिली दोन वर्षं त्यांनीही नुसती बटणांची काजं केली होती. मालकानं शर्टाला हात लावू दिला नव्हता.

चार महिने घरी बसल्यावर दुसरी नोकरी मिळाली. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एवढंच ते ऑफिस. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून तिनं ती घेतली. खाली दिवसभर टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज, वर एक बाई, एक काका आणि आता ही. बाई म्हणजे ऑफिसच्या मालकीण. साठी उलटलेल्या, उजव्या गुडघ्याला पट्टा, हातात काठी, बोलणं मोजकं. काका म्हणजे तीस वर्षं त्यांच्याकडे नकाशे काढणारे गृहस्थ. सहा महिने उमेदवारी, मग ठेवायचं की नाही ते ठरेल, असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आणि तिला काम दिलं एका जिन्याचं.

पुन्हा एकच एक वस्तू, म्हणून ती मनातून खट्टू झाली. काकांनी समजूत घातली. बाईंकडे नव्या माणसानं आधी जिनाच काढायचा असतो, म्हणाले, कारण बाकीचं घर माणूस डोळ्यांनी बघतो आणि जिना पायांनी. खोली दोन इंचांनी लहान झाली तर राहणाऱ्याला जन्मभर पत्ता लागत नाही, पायरी अर्ध्या इंचानं चुकली तर पायाला तिथल्या तिथं कळतं. म्हणून बाईंचा एक नियम होता. जिना बांधून झाला की ज्यानं काढला त्यानं तो डोळे मिटून चढून दाखवायचा. पाय अडखळला नाही तर जिना पास.

"आणि अडखळला तर?" तिनं विचारलं.

"तर परत पेन्सिल हातात घ्यायची," काका म्हणाले. "किंवा नाही घ्यायची."

जिना एका लहानशा वाचनालयाचा होता. खाली पुस्तकं देण्याघेण्याची जागा आणि वर वाचायची खोली, जिथं सकाळपासून वर्तमानपत्रं चाळायला मुख्यतः म्हातारी माणसं येणार होती. दोन भिंतींमधून सरळ वर जाणाऱ्या अठरा पायऱ्या, मध्ये एक थांबा. फूटपट्टीनं त्यावर पाच आठवडे घालवले. दवाखान्याचा, टपाल कचेरीचा, बँकेचा, असतील नसतील तेवढे जिने तिनं टेप लावून मोजले. बँकेच्या रखवालदारानं तिला पायरीवर बसून आकडे लिहिताना दोनदा हटकलं. शेवटी पायरी पावणेसात इंचांची ठरली. कागद तपासताना काकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, फरशी धरलीस ना? ती हो म्हणाली. आणि धरली होतीच की तिनं. खालची.

वरची विसरली. वरच्या खोलीत दगडी फरशी बसायची होती. दगड आणि त्याच्या खालचा माल मिळून दोन इंच जाडी. हिनं जिना नुसत्या स्लॅबला नेऊन भिडवला होता. कागदाप्रमाणे तो बांधला गेला, आणि तीन महिन्यांनी वर फरशी बसली तेव्हा सतरा पायऱ्या पावणेसात इंचांच्या राहिल्या आणि अठरावी झाली पावणेनऊची.

हे तिला कळलं मिस्त्रीकडून. मिस्त्री बुटका, त्याच्या चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. काम सुरू करायच्या आधी तो जिन्याच्या सगळ्या पायऱ्यांच्या खुणा एका लाकडी पट्टीवर करून घेई आणि काम संपेपर्यंत त्या पट्टीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. डोळे मिटून चढायच्या चार दिवस आधी त्यानं फूटपट्टीला वर नेलं, पट्टी शेवटच्या पायरीला लावली आणि बोट ठेवून दाखवलं. फरशी खुणेच्या दोन इंच वर होती.

"कागदात होतं तसंच केलंय, ताई," तो म्हणाला.

आणखी कुणाला कळलंय का, असं तिनं विचारलं. नाही म्हणाला. मग ती जे बोलली त्याची तिला पुढं कित्येक वर्षं लाज वाटत राहिली. बाईंना सांगू नका, म्हणाली. दोन इंच तर आहेत. सवय होईल लोकांना.

"सवय घरच्या जिन्याची होते," मिस्त्री म्हणाला. "इथं रोज नवा माणूस येणार." पट्टी काखेत धरून तो दोन पायऱ्या उतरला आणि वळून म्हणाला, "मी नाही सांगणार. ते माझं काम नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत फूटपट्टीनं चार दिवस काढले. पण चोराच्या मनात चांदणं. बाईंनी साधं चहा घेणार का विचारलं तरी ती दचकायची. सहा महिने त्याच आठवड्यात पुरे होत होते. वर्षाच्या आत दुसरी नोकरी गेली असती तर तिसरीकडे काय तोंड दाखवायचं? आईनं तर आत्ताच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमच्या मुलीनं वाचनालय बांधलंय. आणि वाईट गोष्ट अशी की या परीक्षेत पास होणं अगदी सोपं होतं. पायरी कुठं उंच आहे हे ज्याला माहीत आहे त्याचे डोळे मिटले काय आणि उघडे असले काय. सतरा मोजायच्या आणि अठराव्याला पाय जरा जास्त उचलायचा. वडील बाहेर गेलेले असताना तिनं कापडाच्या गठ्ठ्यावर पाय टाकून त्याचा सरावसुद्धा केला.

बुधवारी सकाळी बाई, काका आणि मिस्त्री जिन्याच्या पायथ्याशी उभे राहिले. फूटपट्टीनं डोळे मिटले, डावा हात भिंतीला लावला आणि चढू लागली. नऊ झाल्या, थांबा आला, पुन्हा मोजू लागली. सतराला तिनं श्वास घेतला, अठराव्याला पाय उचलला आणि वर पोचली. डोळे उघडून खाली पाहिलं तर काकांचा चेहरा स्वतःची मुलगी पास झाल्यासारखा खुलला होता. मिस्त्री भिंतीकडे बघत होता.

"छान," बाई म्हणाल्या. मग त्यांनी काठी काकांच्या हातात दिली आणि डोळे मिटले. "आता मी."

हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. काढणाऱ्याच्या मागून बाई स्वतःही प्रत्येक जिना तशाच चढत. इतकी वर्षं ते चालत आलं होतं की तिला माहीत असेलच, असं काका धरून चालले होते.

वरून तिला बाईंचा मिटल्या डोळ्यांचा चेहरा दिसत होता. कुणाचा तरी हात धरून रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा असतो तसा निर्धास्त. दुखऱ्या गुडघ्याला जपत त्या डावा पाय आधी टेकवत, मग उजवा वर घेत. थांब्यावर त्यांनी पट्टा सारखा केला आणि पुन्हा निघाल्या. बाराव्या पायरीला फूटपट्टीला वाटलं, कदाचित निभावेल. पंधराव्याला तिला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसला. सोळावी झाली. सतरावीवर दोन्ही पाय आले आणि डावा पाय पुढच्या पायरीसाठी जेमतेम पावणेसात इंच उचलला जाऊ लागला.

"बाई, थांबा."

बाई थांबल्या. डोळे मिटलेलेच होते.

"शेवटची पायरी उंच आहे. दोन इंचांनी. मी वरची फरशी विसरले."

"मग तू कशी चढलीस?"

"मला माहीत होतं."

बाईंनी डोळे उघडले. आधी पायरीकडे पाहिलं, मग हिच्याकडे. भिंतीला हात लावून त्या जपून वर आल्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या. खालून काका आणि मिस्त्री यांच्या कुजबुजीचा आवाज येत होता, तो थांबला.

"चूक झाली त्याचं मला काही वाटत नाही," बाई म्हणाल्या. "मी काढलेल्या पहिल्या घरात स्वयंपाकघराचं दार उघडलं की मोरीचं उघडत नव्हतं. पण तू डोळे मिटून खोटं चढलीस." त्या उठल्या. "परवा सकाळी सांग, काय करायचं ते. जिना तोडायचा म्हणत असशील तर मिस्त्रीला तूच सांगायचंस."

ती घरी आली तेव्हा दिवस मावळत होता आणि आई शेजारी गेली होती. वडील एका कोटाची बाही बसवत होते. तिनं त्यांना सगळं सांगितलं, कापडाच्या गठ्ठ्यावरच्या सरावासकट. वडिलांनी ऐकून घेतलं. मुलीनं असं करावं याचं त्यांना वाईट वाटलं आणि ते तसं म्हणाले. मग पुन्हा बाही हातात घेतली, कारण कोट सकाळी द्यायचा होता.

ती समोर बसून बघत राहिली. बाहीचा घेर कोटाच्या मुंढ्यापेक्षा, म्हणजे खांद्याशी ती जिथं जोडायची त्या कापापेक्षा, बोटभर मोठा होता. जास्त झालेलं कापड आता कापणार का, असं तिनं विचारलं.

"कापायचं कशाला? बाही मुंढ्यापेक्षा मोठीच असते," वडील म्हणाले. "ते जास्तीचं सगळं एका जागी आणलं तर चुणी पडते, आणि लांबून दिसते. म्हणून सगळ्या शिलाईत थोडं थोडं जिरवायचं." त्यांचा अंगठा कापडावरून सावकाश सरकत होता आणि त्याच्या मागं बाही मुंढ्यात गुळगुळीत बसत होती.

फूटपट्टी उठली आणि कागद घेऊन बसली. दोन इंच म्हणजे सोळा सूत. पायऱ्या अठरा. प्रत्येकीच्या वाट्याला एक सूतही येत नव्हतं. पहिल्या पायरीवर सुताहून जरा कमी जाडीचा थर द्यायचा, दुसरीवर त्याच्या दुप्पट, तिसरीवर तिप्पट, असं करत वर गेलं की शेवटची आपोआप बाकीच्यांएवढी होणार होती. तिनं तीनदा हिशेब केला. तिन्ही वेळा तेच आलं.

दुसऱ्या दिवशी ती बाईंच्या आधी मिस्त्रीकडे गेली. त्याची माफी मागितली आणि कागद दाखवला. मिस्त्रीनं तो तारेच्या चष्म्यातून दोनदा वाचला. खालच्या पायऱ्यांवर इतका पातळ थर टिकणार नाही, म्हणाला, त्या आधी छिन्नीनं खरवडून घ्याव्या लागतील. सहा दिवस लागतील. मग त्यानं आपली पट्टी उलटी केली, तिच्या कोऱ्या बाजूला नव्या खुणा करायला घेतल्या, आणि दुसरं टोक धरायला फूटपट्टीच्या हातात दिलं.

शुक्रवारी बाईंनी कागद पाहून मान डोलावली. पण आता चढून दाखवायचं कुणी? काकांनी बाईंकडे पाहिलं.

"ती नाही," बाई म्हणाल्या. "मीही नाही, मलाही माहीत आहे आता." मग त्या फूटपट्टीकडे वळल्या. "ज्याला यातलं काही माहीत नाही असं माणूस आण. आणि डोळे मिटायला सांगू नकोस. डोळे मिटलेला माणूस जपून चढतो. बोलता बोलता चढणारं कुणीतरी बघ." तीस वर्षांचा नियम असा एका वाक्यात बदललेला बघून काका खुर्चीत टेकले. माणूस अडखळला नाही तर नोकरी राहील, अडखळला तर नाही, हेही बाईंनी त्याच आवाजात सांगितलं.

बोलता बोलता चढणारं माणूस शोधायला फूटपट्टीला लांब जावं लागलं नाही.

सहा दिवस ती सकाळी आठपासून जिन्यात होती. पट्टी धरली, पाणी मारलं, ओल्या पायऱ्यांवर कुणी पाय ठेवू नये म्हणून दारात फळी टाकून बसली. थर पुरता वाळल्यावर एका सकाळी ती आईला घेऊन आली. वाचनालय तयार झालंय, बघायला चल, एवढंच सांगितलं होतं. बाई आधीच वर जाऊन जिन्याच्या तोंडाशी काठी टेकून उभ्या होत्या. काका आणि मिस्त्री खालच्या कपाटांपाशी उगाच काहीतरी मोजत होते.

आईनं दारातूनच सुरुवात केली. रंग बरा आहे, पण मळेल. पिण्याच्या पाण्याची सोय कुठं केलीय? हे नवे चपलांचे पट्टे बोटाला लागतात. शेजारणीच्या मुलीला नोकरी लागली, पण लांब आहे. असं म्हणत ती पहिली पायरी चढली, दुसरी चढली. फूटपट्टी दोन पायऱ्या मागं होती आणि मनात मोजत होती. थांब्यावर आई थांबली, दम लागला म्हणून नव्हे, तर वळून बोलल्याशिवाय तिचं समाधान होत नाही म्हणून. छत्री घरीच राहिली, ती म्हणाली, आणि पुन्हा चढू लागली. तेरा. चौदा. सतराव्या पायरीवर आईनं पुन्हा मान मागं वळवली, छत्री दाराशी ठेवलीय की पलंगावर हे आठवायला, आणि पायाकडे न बघता पुढचं पाऊल उचललं. ते जिथं पडायला हवं होतं तिथं पडलं. छत्रीचं वाक्य मध्ये कुठं तुटलं नाही.

वर येऊन तिनं बाईंना नमस्कार केला. खिडक्या पाहिल्या, टेबलांवरून हात फिरवला, फरशी घसरत नाही ना ते पायानं तपासलं. छान झालंय हो सगळं, असं बाईंना सांगितलं. मग ती लेकीकडे वळली.

"आणि तू केलेला जिना कुठाय? तो दाखव की."

बाई हसल्या. त्यांना हसताना फूटपट्टीनं पहिल्यांदाच पाहिलं.

"आत्ता चढून आलात ना, तोच," बाई म्हणाल्या. आणि फूटपट्टीला म्हणाल्या, "सोमवारी दहाला ये. शाळेचा जिना आहे, बत्तीस पायऱ्यांचा."

आई जिन्याच्या तोंडाशी परत गेली. खालच्या दारापर्यंत उतरत गेलेल्या अठरा पायऱ्यांकडे ती वाकून बघत राहिली. एका पायरीकडे बघितलं, मग दुसरीकडे, मग पुन्हा पहिलीकडे. बराच वेळ ती काहीच बोलली नाही.